सोयाबीन जाते, डबे येतात

पोहरादेवीचे नाव वर्तमानपत्रात येते ते ठरलेल्या कारणांनी. रामनवमीची यात्रा, १५ फेब्रुवारीची सेवालाल जयंती, निवडणुकीच्या तोंडावरचे मेळावे आणि अलीकडे, ५ ऑक्टोबर २०२४ रोजी, पंतप्रधानांच्या हस्ते झालेले बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन. वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातल्या या गावाला बंजारा समाज आपली काशी मानतो. तेलंगणा, कर्नाटक, मध्य प्रदेशातून तांडेच्या तांडे इथे येतात. त्यांच्यासाठी शासनाने शेकडो कोटींचा विकास आराखडा मंजूर केला आणि नंगाऱ्याच्या आकाराची वास्तू उभी राहिली. हे सगळे चांगलेच झाले. पण ज्याची कधी बातमी होत नाही, ते गावाच्या शिवारात आहे.

ऑक्टोबर हा सोयाबीनच्या सोंगणीचा महिना. थ्रेशरमधून निघालेला माल पोत्यात भरून मानोरा, कारंजा नाहीतर वाशिमच्या बाजार समितीत जातो, कुटार गुरांपुढे पडते, आणि घरात खाण्यासाठी म्हणून क्वचितच कोणी पायलीभर मागे ठेवते. बाजार समितीतही या दाण्याची एकच परीक्षा होते. मूठभर दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात टाकले जातात, आकडा १२ टक्क्यांच्या वर सरकला की भाव खाली सरकतो. प्रथिने किती, हे कोणी विचारत नाही. पुढे गिरणीत तेल वेगळे होते, ढेप कोंबड्यांच्या खाद्यात जाते किंवा जहाजात चढते.

सोयाबीनमध्ये प्रथिनांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास असते, तुरीच्या डाळीत २२ टक्क्यांच्या. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे किलोला ५३ रुपये. व्यापाऱ्याच्या काट्यावर अनेकदा तेवढेही मिळत नाहीत. त्याच किलोतल्या प्रथिनांचा थोडासा भाग चकचकीत डब्यात भरून, वर ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ असा शिक्का मारून, औषधाच्या दुकानात कित्येक पटींनी विकला जातो. वाशिम हा नीती आयोगाने २०१८ साली निवडलेल्या महाराष्ट्रातल्या चार आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. प्रथिने पिकवणाऱ्या जिल्ह्यातून प्रथिने बाहेर जातात आणि आरोग्य डब्यातून परत येते, असा हा उलटा व्यापार आहे. तो फिरवायला लागणारे शास्त्र नवे नाही. त्यातला मोठा भाग सत्तर वर्षांपूर्वी मुंबईत, एका मराठी बाईच्या प्रयोगशाळेत तयार झाला होता.

कमला सोहोनी हे नाव मराठी वाचकाला माहीत असते ते एका गोष्टीमुळे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून कमला भागवत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, संचालक सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटून बसल्या, आणि अखेर वर्षभराच्या परीक्षेच्या अटीवर आत गेल्या. २०२३ साली १८ जूनला गूगलने त्यांचे चित्र आपल्या पानावर लावले तेव्हाही हीच गोष्ट नव्याने फिरली. गोष्ट खरी आहे आणि सांगायलाच हवी. पण ती इतकी सांगितली गेली की आत गेल्यावर या बाईंनी काय शोधले, हे विचारायचेच राहून गेले. ‘केंब्रिजची डॉक्टरेट मिळवणाऱ्या’, ‘विज्ञानात पीएच.डी. झालेल्या पहिल्या भारतीय स्त्री’ या ओळीवर त्यांची ओळख संपते. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. दुर्गाबाईंची पुस्तके अजून वाचली जातात, कमलाबाईंचे निबंध मात्र संदर्भसूचीत पडून आहेत.

त्यातला एक १९५५ सालचा आहे. ‘नेचर’ या लंडनच्या साप्ताहिकात सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने कळवले की वाल आणि डबल बी या दोन कडधान्यांतून ट्रिप्सिनला अडवणारे पदार्थ त्यांनी स्फटिकरूपात वेगळे काढले आहेत. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यात प्रथिने तोडणारे विकर. ते अडले की ताटातली डाळ पोटात जाते, पण अंगी लागत नाही. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या जीवरसायन विभागात त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढची कित्येक वर्षे हाच प्रश्न धरून ठेवला. वाल, डबल बी आणि इतर कडधान्यांत पचन अडवणारे काय असते, रक्तपेशींच्या गुठळ्या करणारी प्रथिने कुठे सापडतात, शिजवल्यावर त्यातले काय उरते. हे विषय त्या काळी फॅशनचे नव्हते. वालावर संशोधन करून नोबेल मिळत नाही. पण कोकणात वाल, देशावर मटकी आणि विदर्भात लाखोळी खाणाऱ्या माणसासाठी याहून जवळचा प्रश्न नव्हता.

सोयाबीनच्या बाबतीत या प्रश्नाचा इतिहास आणखी जुना आहे. १९१७ साली अमेरिकेत ऑस्बर्न आणि मेंडेल यांनी उंदरांना कच्चे सोयाबीन खाऊ घातले, उंदीर वाढले नाहीत. तेच सोयाबीन शिजवून दिले, उंदीर वाढले. कारण कळायला जवळजवळ तीस वर्षे गेली. १९४५ च्या सुमारास मोझेस कुनिट्झ यांनी सोयाबीनमधला ट्रिप्सिनरोधक स्फटिकरूपात वेगळा केला, आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. प्रथिन भरपूर, पण पचवायची चावी अडकलेली. अडथळा मोडायला औषध लागत नाही, उष्णता पुरते. ओली, पुरेशी, पण बेताची उष्णता. कोरड्या तव्यावर थोडा वेळ फिरवून काम पूर्ण होत नाही, आणि तासन्‌तास भाजत बसले तर लायसिनसारखे मोलाचे अमिनो आम्ल खराब होते.

आता हे ज्ञान पोहरादेवीच्या पीठगिरणीशी आणून पाहावे. ‘सोयाबीन पौष्टिक असते’ एवढा निरोप गावोगाव पोहोचला आहे. म्हणून काही घरांत दळणाच्या डब्यात गव्हाबरोबर दोन ओंजळी कच्चे सोयाबीन टाकतात आणि तसेच दळून आणतात. पोळी दोन मिनिटांत भाजून निघते, आतला रोधक पुरता मोडत नाही, पीठ आठवड्यात उग्र वास मारू लागते, मुलांचे पोट फुगते आणि सोयाबीन घरातून कायमचे हद्दपार होते. दोष सोयाबीनचा नसतो, अर्ध्या निरोपाचा असतो. पूर्ण निरोप असा आहे: दाणे निवडून रात्रभर भिजवायचे, पाणी फेकून द्यायचे, ताज्या उकळत्या पाण्यात साधारण अर्धा तास शिजू द्यायचे, साल चोळून काढायची, कडक उन्हात खडखडीत वाळवायचे आणि मग नऊ किलो ज्वारी किंवा गव्हाला एक किलो या मापाने दळायला टाकायचे. उकळत्या पाण्याने दोन कामे होतात. ट्रिप्सिनरोधक मोडतो, आणि लायपॉक्सिजनेज नावाचे जे विकर दाण्यातल्या तेलाला तो हिरवट, कडवट वास आणते, तेही निकामी होते. ज्वारीत लायसिन कमी, सोयाबीनमध्ये भरपूर. दहा टक्के प्रथिनांचे पीठ तेरा टक्क्यांवर जाते आणि त्या प्रथिनाचा दर्जाही सुधारतो. किराणा दुकानातल्या सोया वड्यांना ही अडचण नसते, कारण त्या कारखान्यातच उष्णतेतून गेलेल्या असतात. फरक एवढाच की त्या विकत घ्याव्या लागतात.

शेतीशास्त्राने हा प्रश्न बियाण्याच्या बाजूनेही सोडवत आणला आहे. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने कुनिट्झ रोधक नसलेला ‘एनआरसी १२७’ हा वाण काढला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने इंदूरच्या साथीने ‘एमएसीएस एनआरसी १६६७’ हा तशाच गुणाचा वाण तयार केला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानेही ‘सुवर्ण सोया’, ‘अंबा’ असे नवे वाण दिले आहेत. पण वाण निवडताना शेतकरी एकरी उतारा आणि रोगाला किती टिकतो एवढेच पाहतो. त्याने दुसरे काही का पाहावे? खाण्याजोग्या सोयाबीनला बाजार समिती चार आणे जास्त देत नाही.

या पट्ट्याला शास्त्र घरापर्यंत आणायचे कसे, हे माहीत नाही असे मुळीच नाही. शेजारच्या पुसद तालुक्यातले गहुली हे वसंतराव नाईकांचे गाव. १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून थोडी जास्त मुख्यमंत्री असताना त्यांनी संकरित ज्वारीच्या मागे सगळी यंत्रणा लावली. राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी ही चारही कृषी विद्यापीठे त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. ग्रामसेवकापासून मंत्र्यापर्यंत सगळे बियाणे, खत, पेरणीच्या ओळीतले अंतर यावर बोलत होते. ‘हायब्रीड’ हा शब्द तेव्हा तांड्यातल्या आजीच्याही तोंडी बसला. त्या ज्वारीच्या चवीला लोकांनी नावे ठेवली ती ठेवलीच, पण ज्ञान प्रयोगशाळेतून शिवारात आले हे कोणी नाकारू शकत नाही. शिवारातून चुलीपर्यंतचा पुढचा टप्पा मात्र कोणत्याच खात्याचा नव्हता. कृषी खाते पीक निघेपर्यंत बघते, आरोग्य खाते आजार झाल्यावर. मधल्या पातेल्याला धनी नाही.

त्या रिकाम्या जागेत आता बाजार शिरला आहे, आणि त्याच्या हातातला सगळ्यात लाडका शब्द आहे अँटिऑक्सिडंट. इथेही कमलाबाईंच्या कामाचा धागा उपयोगी पडतो. १९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या तेव्हा तिथल्या जीवरसायन विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९२९ चे नोबेल मिळालेले हेच. पेशीतला ग्लुटाथिऑन हा पदार्थ त्यांनी १९२१ साली शोधून काढला होता. शरीर स्वतःच बनवते असे हे सगळ्यात महत्त्वाचे अँटिऑक्सिडंट. त्याच वातावरणात, रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना, कमलाबाईंना बटाट्यात सायटोक्रोम सी सापडले. प्राण्यांच्या पेशीत श्वसनासाठी इलेक्ट्रॉन पुढे ढकलणारे हे प्रथिन वनस्पतींच्या पेशीतही असते, हे त्यातून दिसले. चौदा महिन्यांत, चाळीसेक पानांच्या प्रबंधावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. आजच्या पाचशे पानी प्रबंधांच्या युगात हा आकडा विद्यापीठांनी भिंतीवर लावायला हरकत नाही.

इलेक्ट्रॉनची ही ने-आण करताना थोडी गळती होते, आणि त्यातून ऑक्सिजनची आक्रमक रूपे तयार होतात. १९५६ साली डेन्हम हार्मन यांनी म्हातारपणाचे मूळ या गळतीत आहे असे मांडले, १९६९ साली ती रूपे निवळणारे विकर सापडले, आणि मग एक साधा, मोहक तर्क जगभर पसरला: ऑक्सिडेशन वाईट, म्हणून अँटिऑक्सिडंट चांगले, म्हणून जितके जास्त तितके बरे. गोळ्यांचे कारखाने याच तर्कावर उभे राहिले.

मग लोकांवर चाचण्या झाल्या. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांना बीटा कॅरोटीन, जीवनसत्त्व ई किंवा बनावट गोळी देण्यात आली. १९९४ साली निकाल आला: बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. अमेरिकेत १८,३१४ जणांवर चाललेली तशीच चाचणी १९९६ साली मुदतीआधी थांबवावी लागली, तिथे वाढ २८ टक्के होती. परीक्षानळीतल्या आकड्यांनी फळे-भाज्यांची क्रमवारी लावणारी यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ साली आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण कंपन्या ती जाहिरातीसाठी वापरत होत्या आणि त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध लागत नव्हता. गडद रंगाच्या काही ज्वारींचे उदाहरण तर आपल्या मातीतले आहे. त्यांतल्या टॅनिनमुळे परीक्षानळीत त्या शूर ठरतात, पण तेच टॅनिन प्रथिने आणि लोह यांना धरून बसते. ज्या बाईचे हिमोग्लोबिन आठ आहे तिला असले अँटिऑक्सिडंट महागात पडते.

हे सगळे माहीत असूनही आपल्या महाविद्यालयांत काय चालते? विदर्भ-मराठवाड्यातल्या कुठल्याही रसायनशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र विभागात डीपीपीएच नावाच्या चाचणीची ओळख करून द्यावी लागत नाही. पद्धत १९५८ सालची. जांभळ्या द्रावणात पानाचा अर्क थेंबथेंब टाकायचा, रंग पिवळा पडत गेला की यंत्रावर आकडा घ्यायचा, आलेख काढायचा आणि ‘अमुक वनस्पतीत लक्षणीय अँटिऑक्सिडंट क्रिया आढळली’ असे वाक्य लिहून निबंध पाठवून द्यायचा. अर्क बहुधा मिथेनॉलमध्ये काढलेला असतो, जो कोणी पीत नाही आणि पिऊही नये. वनस्पती बदलली की निबंध नवा. ती भाजी शिजवल्यावर काय उरते, पोटात किती शोषले जाते, रोज किती खाल्ली तर रक्तात काही फरक पडतो, हे प्रश्न त्या जांभळ्या नळीत मावत नाहीत. २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकांची पद्धत आली आणि निबंध मोजायची सवय लागली. माणसे वाईट नव्हती. मोजमाप जसे असेल तसे काम होते.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. प्रत्येक संशोधन ताटापर्यंत पोहोचलेच पाहिजे हा हट्ट धरला तर मूलभूत विज्ञान मरेल. बटाट्यातल्या सायटोक्रोमने कोणाचे पोट भरले? कोणाचेच नाही, आणि तरीही ते काम मोलाचे होते, कारण त्याने जीवसृष्टीबद्दलचा एक प्रश्न सोडवला. डीपीपीएचच्या शेकडो निबंधांवरचा आक्षेप ते निरुपयोगी आहेत हा नाहीच. ते ना नवा प्रश्न सोडवतात, ना जुन्या प्रश्नाचे उत्तर लोकांपर्यंत नेतात. मूलभूतही नाही आणि उपयोजितही नाही, अशा मधल्या पट्ट्यात आपल्या कितीतरी हुशार मुलांची उमेदीची वर्षे जात आहेत.

आणि चांगली उदाहरणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आहार आणि बाळांची वाढ यांचा माग ठेवला. आईने किती उष्मांक खाल्ले यापेक्षा तिच्या ताटात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा आले याचा बाळाच्या आकाराशी जवळचा संबंध दिसला. त्यावरून पुढे मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६ पासून ‘सरस’ हा प्रयोग झाला. ६,५१३ स्त्रियांना रोज एक खाऊ द्यायचा. एका गटाला पालेभाजी, फळ आणि दूध घातलेला, दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. निकाल प्रामाणिकपणे छापला गेला. सगळ्या बाळांचे मिळून पाहिले तर वजनातला फरक ठोस नव्हता. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ खाणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरले. पण गरोदरपणातला मधुमेह पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के निघाला आणि दुसऱ्या गटात १२.४ टक्के. गोळी नाही, अर्क नाही, एक खाऊ. पुण्याच्या आघारकर संस्थेनेही आपल्या नेहमीच्या पालेभाज्या घरच्या पद्धतीने शिजवून मग त्यांतली सूक्ष्म पोषके तपासली होती. अर्कापेक्षा शिजलेली भाजी तपासणे कष्टाचे आणि कमी चमकदार, म्हणूनच ते कमी लोक करतात.

कमलाबाईंचे नीरेवरचे काम याच जातीचे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतले. ताड-शिंदीचा ताजा, न आंबलेला रस आणि त्याचा गूळ यांत जीवनसत्त्वे आणि लोह किती, ती टिकतात किती, हे त्यांनी वर्षानुवर्षे तपासले आणि कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा देऊन फरक पाहिला. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. पण नीरेची गाठ विज्ञानाआधी कायद्याशी पडते. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातच तिची व्याख्या आहे. मडके रस आंबू नये अशा रीतीने तयार केलेले हवे, ही अट त्या व्याख्येतच आहे. सकाळची नीरा दुपारी ताडी होते, आणि खात्याचे लक्ष अर्थातच दुपारवर असते.

निवृत्तीनंतर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिले. अन्नातली भेसळ कशी ओळखायची, कोणत्या मालात काय तपासायचे, हे त्या संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात साध्या भाषेत लिहीत राहिल्या. विद्यापीठाच्या गुणांकात असल्या लिखाणाला शून्य गुण असतात. ‘नेचर’मधला १९५५ चा निबंध आणि तिखटातली विटेची पूड ओळखण्याची घरगुती युक्ती या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या संशोधनाच्या नोंदवहीत एकाच इयत्तेने धरायला हव्यात. कारण पहिली नसती तर दुसऱ्या गोष्टीवर विश्वास कोणी ठेवला असता, आणि दुसरी नसती तर पहिली कपाटातच राहिली असती.

म्हणून पोहरादेवीसाठी आणखी एक वास्तू मागण्याची गरज नाही. जे आहे ते जोडायला हवे. रिसोड तालुक्यात करडा इथे कृषी विज्ञान केंद्र आहे. अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे, तिथे अन्न तपासायची सोय आहे. वाशिम जिल्हा ज्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो, तिथले विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प करतातच. त्यांनी मिथेनॉलऐवजी पातेले घ्यावे. अंबाडी, तरोटा, घोळ, करडईची कोवळी भाजी, जवसाची चटणी हे या भागातले जुने खाणे. घोळीत ई जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ स्निग्धाम्ले चांगल्या प्रमाणात असतात हे १९९२ सालीच अमेरिकेत छापून आले, आपल्याकडे ती शेतातून खुरपून बांधावर फेकतात. सोयाबीनने जवस-करडईचे क्षेत्र खाल्ले, तेव्हा शेतकऱ्याच्या ताटातून नेमके काय गेले आणि त्या जागी काय आले, याचा हिशेब कोणी केलेला नाही. एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाला याहून चांगला विषय नाही.

ही मांडणी तांड्यावर नेताना एक अडचण आधी मान्य करावी लागेल. दिवाळी झाली की इथली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला किंवा बांधकामावर निघून जातात, लेकरे बरोबर जातात. अंगणवाडीतली वजनाची नोंद तिथेच तुटते. त्यामुळे जे काही सांगायचे ते सोंगणी आणि स्थलांतर यांच्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत सांगावे लागते. उकळून, वाळवून, दळलेले दहा किलो पीठ बिऱ्हाडाबरोबर फडावर जाऊ शकते, दवाखाना जाऊ शकत नाही. आणि सांगायचे ते गोरमाटीत सांगायला हवे, वऱ्हाडीत सांगायला हवे. ‘प्रथिनयुक्त आहार घ्यावा’ असे शासकीय मराठीतले पत्रक तांड्याच्या नायकाच्या घरीही कोणी वाचत नाही.

खर्च फार नाही. दळणाच्या प्रत्येक गिरणीवर एक पाटी: कच्चे सोयाबीन दळू नये, आधी अर्धा तास उकळावे. अंगणवाडीच्या आहारात आणि शाळेच्या खिचडीत जिल्ह्यातल्याच बचत गटांनी उष्णतेची प्रक्रिया करून दिलेले सोयाबीन, आणि त्यातला ट्रिप्सिनरोधक खरोखर मोडला आहे का याची अकोल्याच्या प्रयोगशाळेत दर महिन्याला तपासणी. रोधक नसलेल्या वाणाचे बियाणे निदान शंभर एकरांवर, हमीभावापेक्षा थोड्या वरच्या दराने विकत घेण्याच्या लेखी करारासह. रामनवमीच्या यात्रेत पाणी आणि सरबताच्या पाणपोयांशेजारी या पिठाच्या भाकरीचा एक भटारखाना, ज्यात चव घेऊन माणूस स्वतः ठरवेल.

जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीने आणि कृषी विज्ञान केंद्राने हे काम जूनच्या पेरणीआधी कागदावर आणले, तर ऑक्टोबरच्या मालातून पहिली पोती बाजूला काढता येतील. बियाणे कोण देणार, उकळायची भांडी आणि वाळवायचे ओटे कोणत्या गटाकडे, तपासणीचे पैसे कोणत्या शीर्षाखाली आणि पिठाचा दर किती, हे चार प्रश्न आहेत. पालकमंत्र्यांच्या पुढच्या आढावा बैठकीच्या विषयपत्रिकेवर ते चार ओळींत मावतात.